नळीवरची ओळ

केळी दिल्लीला गेली, की पेन यायचे.
सावदा स्टेशनावरचा हा साधा हिशोब.
वॅगनीसोबत राखणीला जायचा हेमराज भंगाळे,
घडांशेजारी निजायचा, आठ दिवसांनी परतायचा
खिशात फुटपाथवरचे दोन चिनी पेन घेऊन:
एक माझा, एक विकायला.
दुसराही मीच घ्यायचो.

शेवाळी, मरून, काळा,
आणि एक राखी, ज्याचं सोनेरी टोपण
माझ्या अंगठ्यानं घासून पितळेवर आलेलं.
निब झाकलेली, नुसती चोच दिसते,
बाहेर यावं की नाही
हे अजून न ठरवलेल्या पिलाची.

बायको अमळनेरकडची. मोजायची आणि म्हणायची,
"इतला पेन कसाले लागतस तुले?
लिखाना हात ते एकच शे."
मी म्हणायचो, प्रत्येकाची शाई वेगळी.
खोटं होतं. शाई एकच, निळी,
आणि शर्टावरचा दुसरा डाग केळीच्या चिकाचा.
निळा धुतला की जायचा.
चीक आधी दिसायचाच नाही,
धुतल्यावर काळा व्हायचा, मग कायमचा.

मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली
एक वजनपट्टी फाडून दुसरी घेईतो
निबला कोरड पडायची.
माठाखालच्या ओल्या फडक्याला टेकवायचो.
पहिलं अक्षर फिकं, दुसरं पसरलेलं, तिसऱ्यापासून मी.

टोपणावर दोन चिनी अक्षरं,
आणि पेन उघडला की आत, रबरी नळीवरच्या पत्र्यावर,
आणखी एक अख्खी ओळ.
कुणी शेतात माचाण बांधावं,
कुणी चौकट उभी करून भिंत विसरावी, तशी.
दिवाळीला नवी वही यायची. मी श्री काढायचो
आणि खाली, कुणी बघत नाही हे बघून,
ती ओळ उतरवायचो.
सोळा दिवाळ्या.
नफा-तोटा व्हायचा तसाच झाला.

सुभान तडवी पालकडचा, घड वाहायचा.
मजुरीच्या रकान्यात अंगठा.
एकदा अंगठ्यावर चीक इतका, की ठसा उमटेना.
म्हटलं, सही शिकून घे आता.
त्यानं वहीचं पहिलं पान उलटलं.
"हे काय लिव्हेल हाये?"
माहीत नाही.
"मंग लिव्हलं कसं?"
पाहून पाहून.
"मंग तुमाले हे जसं, तसं मले तुमचं.
काढा पुढं."

राखी पेन त्यानं कुदळीसारखा धरला.
सु जमला. भा जमला.
न ची गाठ सुटेना तीन आठवडे,
निबची चोच एका बाजूला वाकली,
मी काही बोललो नाही, आतून बोललो.
मग एका हप्त्याला, वॅगनी लागलेल्या,
मागे माणसं खोळंबलेली, कुणीतरी शिवी घातलेली,
त्यानं नाव काढलं.
लोक म्हणतात तसं नव्हे.
खरंच काढलं, रेघ रेघ.

तेव्हापासून तो पेन माझ्या हातात खरवडतो.

गेल्या उन्हाळ्यात पुतणीनं नळीवर फोन धरला.
फोननं ओळ वाचली, मराठीत सांगितली:
पाच वेळा दाबा, सोडा, मग पुसा.
पुतणी हसत सुटली. मीही हसलो.
श्री. दाबा, सोडा, मग पुसा.
सोळा दिवाळ्या.

हे सांगायला मी पालला गेलो.
सुभान आता दारात बसून असतो, गुडघे गेलेत.
पोट धरून हसला, खोकला, पाणी प्यायला.
मग एकदम थांबला.
"आन् माह्यं?
माह्यं तं सुभानच व्हतं ना?"

हो म्हटलं. हो, सुभानच.

तरी घरी येऊन जुनी वही काढली,
बोट ठेवून रकाना शोधला.
सु. भा. न.
न ची रेघ त्यानं लांब ओढलेली,
शेजारच्या माणसाच्या पैशांपर्यंत.