दुमड

मी धनकवडीत गणवेश शिवते.
प्रत्येक पँटच्या पायाशी दोन इंच दुमडून ठेवते,
मुलं वाढतात म्हणून.
जूनमध्ये आया येतात, उसवून घेतात, वर कुरकुरतात:
"ताडमाड झालाय हो, काही पुरत नाही."

निनादची दुमड चार जून तशीच.
गुडघ्यांवर कापड विरलं,
आतली पट्टी अजून कोरी, गडद निळी.

डाव्या पंजाचा एक्स-रे उजेडाला धरून
डॉक्टर म्हणाल्या, वय तेरा,
हाडं आठ वर्षांची.
तेव्हापासून पहाटे उपाशीपोटी थायरॉइडची गोळी,
रात्री सुई.
फ्रिजमध्ये विरजणाशेजारी तिचं पेन.
काल डावी मांडी, आज उजवी.
तोच टोचून घेतो. डोळे मिटते मी,
जन्मभर सुया हाताळलेली.

स्वारगेटच्या बसमध्ये कंडक्टर न विचारता हाफ काढतो.
"फुल द्या," निनाद म्हणतो,
शाळेचं ओळखपत्र पुढे करतो.
मागचे हसतात.
तिकीट तो घडी न घालता खिशात ठेवतो.

आज सकाळी बूट घालताना
त्याचे मोजे दिसले.
टेप गळ्यातच होती, लावली नाही.
ब्लेड घेऊन खाली बसले, पहिला टाका उसवला,
तर वरून म्हणाला,
"सगळी नको गं. थोडी राहू दे."