एक काना

आधी चमचा गेला.
मग वाटी, वाटीतली पेज,
पेजेमागोमाग माझ्या कानातलं एक फूल.
(दुसरं डबीत आहे. एकट्याचं काय करतात?)
दर वेळी दुर्वा पायरीवरून वाकून खाली बघते
आणि मला बातमी देते:
"पल्लं."

पडलं नाही गं, पाडलंस.
मध्ये एक काना आहे.
पण सव्वा वर्षाच्या तोंडात
तो कुठे मावायला!

देवबागेत घर म्हणजे
मागच्या दारी कर्ली, पुढच्या दारी दर्या,
मधल्या वाळूच्या पट्टीवर माड आणि आम्ही.
टाकायला दोन्हीकडे जागाच जागा.
पुढे टाकलेलं कधीमधी परत येतं.
तिची चप्पल आली तिसऱ्या दिवशी,
आत एक चिमुकला खेकडा बिऱ्हाड करून.
मागे टाकलेलं ओहोटीबरोबर जातं
आणि संगमापाशी त्याचं काय होतं
ते खाडी सांगत नाही.

रत्नप्रभाकाकी म्हणाल्या,
"हातार एक चापट दी, परत टाकूचा नाय."
अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, लक्षच देऊ नका.
लक्ष न देता मी वीसदा वाकले.
लक्ष कंबरेने दिलं.

मग मंगळवारी इंजिनची किल्ली गेली.
जेट्टीवर, बापाच्या खांद्यावरून,
लाल दोऱ्यासकट,
ऐन भरतीच्या पाण्यात.
टुबुक.
"पल्लं."

डॉल्फिन बघायला आलेली आठ माणसं
नारिंगी जाकिटं घालून उभी होती.
ती आधी हसली, मग पैसे परत मागू लागली.
हरेश काही बोलला नाही,
नुसता पाण्याकडे बघत राहिला,
जणू किल्ली श्वास घ्यायला वर येईल.

माझा हात वर गेला.
तिने तो पाहिला.
तिला वाटलं असावं, आईसुद्धा काहीतरी टाकणार आहे.
मान उंच करून
ती वाट बघत राहिली.
रिकामा हात खाली आणायला
केवढा वेळ लागतो!

रात्री वीज गेली. झोप नव्हती.
ती जन्मली तेव्हाच्या मुठी आठवल्या,
आतला मळ पुसायला
एकेक बोट उलगडावं लागायचं.
माझे केस धरले की
तिला स्वतःलाच सोडवता यायचे नाहीत,
रडायची, आणि अजून घट्ट धरायची.
धरणं ती येतानाच घेऊन आली.
सोडणं इथे येऊन शिकतेय.

"पाग टाकायला तुला किती दिवस लागले रे?"
अंधारात हरेश म्हणाला, "दोन वर्सां.
धरूक कोणय धरता.
हात वेळेर सुटाक होयो."
मग थोड्या वेळाने,
"नवी चावी साडेसातशेक पडतली."

आता दारात एक टोपली असते.
फाटक्या जाळ्याचा चेंडू, एक जुना बोया,
पाच करट्या,
आणि ती चप्पल, खेकड्याला निरोप देऊन.
हे टाक. हे सगळं टाक.
वाटी नाही. वाटी माझ्या हातात दे.
दहातल्या सात वेळा वाटी जातेच.
तीनदा मात्र हातावर येते,
उपडी,
मनगटावरून पेज ओघळत कोपरापर्यंत.
मी "शाब्बास" म्हणते. म्हणजे, बहुतेकदा म्हणते.

काल संध्याकाळी टोपली घेऊन
पुढच्या दारी गेलो दोघी.
तिची करटी तिच्याच पायाशी पडली.
दुसरी डोक्यामागे गेली.
मी आजूबाजूला बघितलं,
काकी नव्हत्या, पर्यटक नव्हते,
पदर खोचला आणि एक करटी भिरकावली.
बऱ्यापैकी लांब गेली.
दुर्वाने लाटेकडे बघितलं, मग माझ्याकडे,
आणि बोट दाखवून, स्पष्ट,
काना देऊन म्हणाली,
"पाल्लं."