फॅट दीड

एकतीस वर्षं परित्याच्या दूध सोसायटीत
मी फॅट बघितली.
पहाटे साडेपाचला कॅनांची रांग,
काचेच्या नळीत ॲसिड, त्यावर दूध,
मशीन घुं घुं फिरायचं
आणि नळीच्या मानेत पिवळा थर चढायचा.
सहा दोन. सहा आठ.
एकदा शिंदकरांच्या मुऱ्हा म्हशीची आठ एक लागली
तर रांग मोडून माणसं नळी बघायला आली.
थर जितका जाड
तितका माणूस ताठ मानेनं घरी जायचा.

ज्ञानू चौगल्याची एकदा दीडच लागली.
म्हणाला, पोरगं तापलंय, दुसरं काही खाईना,
वरचं वरचं त्याला काढून दिलं.
मी म्हणालो, मग खालचं पण त्यालाच पाज की.
कॅन परत.
रांग हसली. मीही.
ज्ञानू कॅनचं झाकण लावत होता,
ते नीट बसत नव्हतं.

आता शिवाजी पेठेत लेकाचा फ्लॅट,
फ्रिजच्या दारात पिशवी,
पिशवीवर छापलेलं: फॅट १.५.
पैसे मोजून आणलेली. मीच आणलेली.
गंगावेशीच्या कट्ट्यावरनं जाताना
धारोष्ण दुधाच्या पेल्यांकडं न बघता.

मालनच्या छातीत दोन स्टेंट आहेत.
साय बंद, लोणी बंद,
खसखस-काजूचा पांढरा रस्सा
आता फक्त पाहुण्यांना करायचा,
तोही तिनं खुर्चीत बसून सांगायचा
आणि सुनेनं चुकवायचा.

आज नातीला पास्ता पाहिजे. पांढरा.
घरात ती आणि आम्ही दोघंच.
शाल्मली म्हणाली, आज्जीला चालेल असा करायचा,
क्रीम नाही, बटर नाही,
आबा तुम्ही करा, मी सांगते.

पहिल्या खेपेला मैदा तापल्या दुधात टाकला.
गुठळ्या.
सोसायटीत असलं दूध मी नाल्यात ओतलं असतं.
दुसऱ्या खेपेला थंड दुधात बोटानं कालवला.
चमचाभर तेल, ठेचलेला लसूण,
तांबूस होऊ द्यायचा नाही, नुसता वास सुटू द्यायचा.
मग दूध. मंद आच. ढवळायचं.

पातळ.
पातळच.
भांड्याचा तळ दिसतोय अजून.
मी गॅस मोठा करायला गेलो,
तिनं हात धरला. थांबा ना आबा.

थांबायची सवयच नाही मला दुधापाशी.
दूध यायचं, आकडा व्हायचं,
टँकरनं निघून जायचं.
घट्ट होईपर्यंत त्याच्याजवळ
कोण उभं राहिलंय?
ढवळताना खिडकीतनं
तालमीच्या पत्र्यावर बसलेली कबुतरं मोजली.
बावीस. पुन्हा मोजली तर एकोणीस.

आणि मग चमच्याचा आवाज बदलला.
आधी खळखळ होता, आता खर्जात गेला.
शिजलेल्या पास्त्याचं पाणी अर्धी वाटी,
मिरी, किसणीवर दोनदा घासलेलं जायफळ.
शाल्मलीनं चमच्याच्या पाठीवर बोटानं रेघ ओढली.
रेघ मिटली नाही.
झालं, म्हणाली.

पास्ता नळ्यांचा होता.
मी एक उचलून उजेडाकडं धरली,
आत पांढरं चिकटलेलं,
मानेपाशी थर शोधायची डोळ्याची खोड.
थर कुठला.
सगळं एकसारखं.

मालननं पहिला घास घेतला, चघळला.
रस्सा बरा झालाय, मीठ कमी आहे.
शाल्मली म्हणाली, आज्जी, सॉस आहे तो.
व्हय, रस्साच की.
मग बरणी मागितली,
चिमूटभर कांदा-लसूण चटणी वर भुरभुरली,
पांढऱ्यावर तांबडं हळूहळू पसरलं.

दूध कुठलं वं?
पिशवीतलं, म्हणालो. दीडचं.

ती माझ्याकडं बघत राहिली,
ओठाला सॉस लागलेला.
ज्ञानूचं म्हणा की, म्हणाली,
आणि पोट धरून हसली,
डॉक्टरांनी जपून हसायला सांगितलंय
हे विसरून.

ज्ञानू कोण? शाल्मलीनं विचारलं.

मी मीठ आणायला उठलो.
मीठ टेबलावरच होतं.