लाखाला आठशे अडुसष्ट

मिरजेच्या दवाखान्यात
पेशंट हलला की ईसीजीची पट्टी वाया जाते.
असल्या पट्ट्या मी घरी आणते.
मागची बाजू कोरी असते :
वाण्याची यादी, दुधाचे खाडे,
आणि आज हे.

साडेआठ टक्के, वीस वर्षं,
लाखाला आठशे अडुसष्ट.
बँकेत कुंभोजकर साहेबांनी एवढंच सांगितलं.
बाकीचं घरी बसून करा म्हणाले,
गुणाकारच तर आहे.

तळमजला, विश्रामबागच्या पलीकडं. कर्ज बावीस लाख.
एकोणीस हजार शहाण्णव.
माझा पगार सव्वीस.
भरतेशचा, हळदीचे सौदे चालू असले की अठरा,
नसले की नुसतं 'बघू'.
तो मार्केट यार्डात काट्यावर असतो,
पोत्यामागं किती सूट धरायची ते त्याला झोपेत विचारा.
पण वीस वर्षं कुठल्या काट्यावर ठेवायची
ते त्याला येत नाही. मलाही.

बिल्डरचा माणूस म्हणाला होता,
ताई, एकोणीसचं पाणी इथं आलंच नाही,
विचारा त्या पानपट्टीवाल्याला.
विचारलं. पानपट्टी एकवीस साली निघालेली.

आम्ही तेव्हा गावभागात, भाड्यानं.
पाणी तिसऱ्या फडताळापर्यंत.
सुहिताची बालवाडीतली चित्रं गेली,
माझं सर्टिफिकेट पापडासारखं फुगलं.
घरमालकानं भिंतीवर रेघ ओढून तारीख घातली
आणि पुढच्या महिन्यात भाडं तेवढंच घेतलं.

म्हणून दुसरा मजला.
दीड लाख जास्त.
आठशे अडुसष्ट, वर त्याचं निम्मं :
तेराशे दोन.

म्हणजे नदीच्या भीतीचा हप्ता
महिन्याला तेराशे दोन रुपये.
पात्रात गुडघाभर पाणी असेल त्या मे महिन्यातसुद्धा.
मनात म्हटलं, महाग नाही.

एकूण वीस हजार तीनशे अठ्ठ्याण्णव.
त्याला दोनशे चाळीसनं गुणलं
आणि जे आलं ते बोटाखाली झाकून धरलं.
भरतेशला एवढंच वाचून दाखवलं :
शेवटचा हप्ता जाईल तेव्हा मी अठ्ठावन्नची,
सुहिता तीसची.

तीसची? म्हणाला. आपली सुहिता?

मग त्यानं पट्टी स्वतःकडं ओढली.
कितीही साबण लावा, त्याची नखं पिवळीच,
तेराशे दोनवर एक पिवळा ठसा उमटला.
बराच वेळ काही बोलला नाही.
नंतर हळूच,
'आणि तिसरा मजला?'

कोऱ्या बाजूला जागा उरली नव्हती.
पट्टी उलटी केली.
तिकडं कुणाचं तरी काळीज,
नाव नसलेलं, मध्येच थरथरलेलं.
दोन ठोक्यांच्या मधे थोडी जागा होती,
तिथं लिहिलं :
पंचवीस गुणिले