काडी वर आली तर

येलदरीच्या पाण्यावर पहाटे साडेसहाला वाफ उभी राहते,
दूध उतू जायच्या आधी दिसते तशी.
परभणीत आज पारा सहावर.
ख्वाजामियांनी कानटोपीवर मफलर,
मफलरवर पुन्हा टॉवेल गुंडाळलाय.
बोटं मात्र उघडी.
"बोटांला टोपी घातली की बोटं भैरी व्हतेत."

जिंतूरच्या स्टँडामागं त्यांचं घड्याळांचं दुकान होतं,
अडीच हात रुंद.
आता तिथं मी मोबाईलची कव्हरं टांगतो.
भाडं द्यायला गेलो की नोटा मोजत नाहीत,
एवढंच विचारतात:
"इतवारी येतो का?"

थंडीत चिलापी खात नाही.
उन्हाळ्यात हीच कणकेच्या गोळीवर तुटून पडते,
रिकाम्या गळालाही तोंड लावून बघते.
आता खाली, बुडालेल्या बाभळींच्या फांद्यांत
एकमेकींना खेटून उभी असते
आणि समोरून गेलेल्या गांडुळाकडं बघते,
जेवून हात धुतलेल्या पाहुण्यानं
वाढप्याच्या बुंदीकडं बघावं तसं.

पहिल्या रविवारी मी नेला होता
जाड तंगूस, वाकड्या करंगळीएवढा गळ,
आणि त्यावर अख्खं गांडूळ, गाठ मारून.
ते हसले नाहीत.
खिशातून चिमटा काढला, डोळ्याला भिंग लावलं,
तेच भिंग, एचएमटीच्या पोटात डोकावणारं,
आणि केसाएवढ्या दोरीला
तिळाएवढा गळ बांधून दिला.
गांडुळाचा शेपटाकडचा तुकडा, तांदळाच्या कणीएवढा.
शिसं दातानं अर्धं केलं, थुंकले,
पुन्हा अर्धं केलं.

"ती खाली बघत न्हाई. डोळे वरच तिचे.
दाणा तिच्या डोक्यावर चार बोटं ठिव.
पायाखाली ठिवला तर
तिला ठावंच न्हाई तू आला म्हून."

मोरपिसाची काडी पाण्यात उभी केली.
नखाएवढंच टोक बाहेर.
"बुडली की ओढू?"
"नक्को. बुडायची वाट बघशील तर सांज व्हईल.
थंडीतली मासळी ओढत न्हाई रे,
खालून येती, तोंडात घेती, शिसं उचलती.
काडी वर आली तर समज."

वर आली तर.
आजवर मी बुडणाऱ्या गोष्टींवरच नजर ठेवून होतो.

आज पाचवा रविवार.
पाय बधिर. थर्मासातला चहा संपलेला.
पलीकडच्या काठावर कुणाची तरी मोटर सुरू झाली,
दोन टिटव्या भांडून गेल्या,
माझ्या खिशात मोबाईल तीनदा थरथरला, गिऱ्हाईक असेल.
मी छडी किंचित हलवली.
"हलवू नको."
हलवली नाही.
"मनात हलवतोस. ते बी कळतं तिला."

नऊ वाजले असतील
(दोघांच्याही मनगटावर घड्याळ नव्हतं)
तेव्हा काडी वर आली.
झटका नाही, लाट नाही.
नखाएवढी होती, ती दोन पेरं झाली,
आणि एका बाजूला कलंडली,
शाळेत उत्तर येत असूनही
अर्धाच हात वर करणाऱ्या पोरीसारखी.

मी ओढलं नाही. मनगट फक्त उचललं,
पेंगणाऱ्या माणसाच्या मांडीवरून
त्याचा चष्मा उचलावा इतकंच.

तळहाताएवढी चिलापी.
थंड, राखाडी, कल्ले मिनिटाला एकदा हलवणारी.
ख्वाजामियांनी चिमट्यानं गळ सोडवला,
ओठ फाटू न देता,
मग ती कानाजवळ नेली.
डोळे मिटले.
असं ते घड्याळ दुरुस्त झालं की करायचे,
गिऱ्हाईक समोर उभं असताना.

"चालू हाय," म्हणाले,
आणि बादलीत टाकली.

मग दोरी पुन्हा सोडली,
या वेळी एक बोट आणखी वर.