थर्मामीटर काखेत असेपर्यंत

आमच्या उकेरेवे बेटावर
आजारांचीही रांग असते, आणि रांगेला शिस्त असते :
पुढे मलेरिया, त्याच्या पाठीला पाठ लावून बाळंतपणं,
मग एचआयव्हीच्या गोळ्यांचे ठरलेले मंगळवार.
कातडी सगळ्यांत शेवटी.
ती सुरुवातीला दुखत नाही ना,
म्हणून भांडत नाही.

मगेसा असाच बसायचा भिंतीकडच्या सावलीत.
जाळी विणणारा, जन्मापासून दुधी कातडीचा.
ताप म्हणून तीनदा आला.
तीनदा मी बोट टोचलं, गोळ्या दिल्या, वहीत खूण केली.
चौथ्यांदा त्यानंच टोपी काढली :
"सिस्टर, हे कानामागचं... माशा बसतात."

चिंचोक्याएवढं. कडा उचललेली.
चिंचोक्याएवढं व्हायला दोन पावसाळे लागले असतील,
आणि ते दोन्ही पावसाळे
मी त्याच्या समोर बसले होते.

तुकडा काढला, बाटलीत घातला.
म्वांझाला पोचवायचा तर सरोवर ओलांडायचं,
आणि दवाखान्याच्या बोटीत इंधन एका फेरीचं.
त्याच दुपारी न्याबिसेचं बाळ आडवं आलं.
कुणाला विचारायचं? कुणी विचारलंच नाही.
बोट गेली. बाटली टेबलावर राहिली.
ते चुकलं असं मला आजही वाटत नाही.
बरोबर होतं म्हणताना मात्र जीभ अडते.

नऊ दिवसांनी, सुकट विकणाऱ्या बवीरेच्या पडावात
दोन पोत्यांच्या मध्ये बसून
मगेसाच्या कानाचा तुकडा तपासणीला निघाला.
रिपोर्टही त्याच पडावानं परत आला.
दीड महिना. दोन ओळी. सुकटीचा वास.

दर तिमाहीला वरून तक्ता येतो :
मच्छरदाण्या किती, लसी किती, प्रसूती किती.
कातडीला रकाना नाही.
मी समासात लिहिते, बारीक अक्षरात.

आणि एक करते.
थर्मामीटर काखेत असतो तो एवढासा वेळ
कुणाच्याच योजनेत नसतो.
पूर्वी मी तेवढ्यात पुढचं नाव पुकारायचे.
आता कानामागे बघते, मानेवर, ओठाच्या कडेला,
काळ्या माणसांचे तळवेसुद्धा; चपला काढायला लावते.
"ताप मला आहे गं, पायाला नाही,"
म्हातारी हसते.
पारा चढत असतो.

मगेसाला आता दीड कान.
टोपी त्या बाजूनं घसरते,
म्हणून जाळ्याच्या दोरीनं हनुवटीखाली बांधलीय.
परवा रांगेत बसल्या बसल्या
शेजारच्या पिवळ्या केसांच्या पोराची मान
त्यानं हळूच वळवली,
उजेडाकडे.