रकाना सात

सिनडच्या कचेरीतून छापील कागद आला आहे,
सुकवलेल्या उसिपाच्या टोपल्यांबरोबर, लाँचमधून.
त्याला मासळीचा वास लागलाय. बरंच झालं.
मुलं किती, बाकं किती,
छपराचे किती पत्रे गळतात,
सगळं भरलं मी.
रकाना सात: ख्रिस्ती शिक्षणाचा उद्देश.
खाली तीन ओळी, ठिपक्याठिपक्यांच्या.

पहिलीवर लिहिलं, प्रभूचं भय.
मग कंदील जवळ ओढला.
भय तर या काठावर आधीच पुष्कळ आहे:
मगरीचं, हिवतापाचं, फीच्या तारखेचं,
आणि माझं.
खोडलं.

आम्हा तुंबुका लोकांत पुष्कळदा
त्या साली घरावर जे कोसळलं
त्याचंच नाव पोराला पडतं.
म्हणून माझी हजेरी अशी होते:
मासोझी, म्हणजे आसवं. "हजर, बाई."
सुझगो, म्हणजे संकट. "हजर."
लुसुंगु, म्हणजे कृपा.
लुसुंगु?
आसवं आणि संकट रोज एका बाकावर बसतात,
कृपा आठवड्यातून दोनदा येते,
उशिरा,
पाठीला तान्हा भाऊ बांधून.

जूनमध्ये निळा खडू हरवला.
एकच होता. सरोवर काढायला जपून ठेवलेला.
सुझगोची बोटं निळी दिसली.
मी विचारलं नाही.
चार छड्या.
तो रडला नाही, याचाही मला राग आला.

संध्याकाळी झगा भिजवला
तर घमेल्यातलं पाणी हळूहळू निळं होत गेलं.
खिशात खडू होता. माझ्याच.
आणि खाली वाळूत सुझगोचा बाप
कंदिलाच्या उजेडात होडीला दुसरा हात देत होता,
निळ्या रंगाचा.

म्सिस्का सर म्हणाले, गुरुजनांनी माफी मागू नये,
एकदा वासा हलला की छप्पर राहत नाही.
सर भले आहेत. त्यांनीच मला लिहायला शिकवलं.
पण बावीस वर्षं मी क्षमेचा धडा घेतेय,
फळ्यावर बाप काढते, मुलगा काढते,
मधे लांबलचक रस्ता,
आणि रस्त्यावर कधी
माझंच पाऊल उमटवलेलं नाही.

सकाळी त्रेसष्ट पोरांसमोर
मी त्याच्या बाकापाशी उभी राहिले.
म्हटलं, खडू माझ्या खिशात होता.
तू खरा होतास. मी चुकले.
मागे कुणीतरी खोकलं.
सुझगो बराच वेळ माझ्या चपलांकडे बघत होता.
मग म्हणाला, "चार होत्या, बाई."
"हो," मी म्हटलं, "चार."
तो खाली बसला.
क्षमा केली, असं तो म्हणाला नाही.
मीही विचारलं नाही. तेवढं तरी शिकले होते.

त्यानंतर कधीतरी, पावसाळा लागायच्या आधी,
मासोझीची पाटी फुटलेली सापडली.
मी अजून तोंड उघडायची होते
तोच सुझगो उठला
आणि माझ्याकडे नाही, तिच्याकडे गेला.
"मी फोडली."
तिने उरलेल्या अर्ध्या पाटीने त्याला हाणलं.
मी दोघांकडे पाठ केली,
फळ्यावर तारीख लिहू लागले.
तारीख आधीच लिहिलेली होती.

आता वात चरचरते आहे.
लाँच उद्या पहाटे परत जाणार.
शास्त्रपाठाचे गुण मी वेगळ्या कागदावर पाठवतेय,
सुझगोला शंभरात एकतीस,
त्यावर कुणी काही विचारलं
तर कळवीन.

दुसऱ्या ओळीवर लिहिलं: चार होत्या.
कचेरीत कुणाला कळायचं नाही,
बाईंचं डोकं फिरलं म्हणतील,
चहाबरोबर एकमेकांना दाखवतील.

तिसरी ओळ कोरीच ठेवली आहे.
लुसुंगु अजून आलेली नाही.